फोन धरा

ईरीत नोव्हेंबर सरता सरता
सरोवरावरून बर्फ आडवा येतो
आणि तळघरांतले फर्नेस एकामागून एक मान टाकतात.
मग आमचा फोन.
उचलायला दोघीच, मी आणि डोलोरेस,
समोर सहा लाल दिवे.
म्हणजे चार माणसं कायम ताटकळत.

स्टॅन व्हुइचिक, आमचा मालक,
आधी लाइनवर नुसती शांतता ठेवायचा.
मग क्लीव्हलंडहून एक विक्रेता आला, पिवळा टाय,
म्हणाला, शांततेत गिऱ्हाईक सटकतं साहेब.
चार मिनिटं माणूस तुमच्या कानाशी,
हातात रिमोट नाही, जाणार कुठे?
त्याला काहीतरी विका.
स्टॅननं डोळे मिटून गुणाकार केला.
साठ फोन, चार मिनिटं.
"एवढा वेळ मी फुकट घालवत होतो?"

लिहायचं मी, माझं इंग्रजी म्हणे स्वच्छ.
बोलायचंही मीच, डोलोरेसला सिगारेटचा खोकला.
बाहेर प्रिंटर घरघरत होता म्हणून
कोटांच्या कपाटात शिरले,
आणि ओल्या लोकरीच्या वासात तोंड खुपसून सांगितलं:
तुमचा फोन आमच्यासाठी मोलाचा आहे.
फिल्टर शेवटचा कधी बदललात, आठवतंय?
आमच्या वार्षिक योजनेत धुराड्याची सफाई धरलेली आहे.
कृपया फोन धरा.

इंग्रजी वाचताना जीभ अडली नाही,
पण कपाटाच्या अंधारात आतून मराठी सुरू झाली:
बोट धर, दम धर, तग धर.
आणि सांगलीच्या दीड गुंठ्यावरून
थोरल्या बहिणीनं धरलेला अबोला, सात वर्षं,
मधे संगीत नाही, कसली योजना नाही.
कोटांत हवा कमी होती.
"योजना"च्या पुढे मी श्वास घेतला,
मोठा, विहिरीतून वर आल्यासारखा,
आणि तो रेकॉर्ड झाला.

पिवळा टाय म्हणाला, कापू या.
स्टॅननं विचारलं, त्याचे वेगळे पैसे?
राहू दे मग.

तोंडाची वाफ दवडू नकोस, असं आई म्हणायची.
इथे माझी वाफ रोज साठ वेळा दवडली जाते
आणि नाताळपर्यंत तिनं एकोणीस धुराडी विकली.
स्टॅननं डोलोरेसला हॅम दिलं,
मला, थोडा विचार करून, अक्रोडांचा डबा.

जानेवारीत एकदा मिसेस हॅग्लुंड.
मी विचारलं, घर गार पडलंय का?
"नाही गं, छान ऊब आहे."
मग काय हवंय?
"तू फार लवकर उचललास.
ती बाई योजनेनंतर श्वास घेते ना,
तिथवर पोचू द्यायचंस."
ती बाई मीच, हे ओठावर आलं होतं.
गिळलं.
बाकीचे पाच दिवे गारठ्यातले होते,
कुणाचं तान्हं, कुणाचे फुटायला आलेले पाइप.
मी बटण दाबून म्हातारीला परत तिथे पाठवलं
जिथे मी कपाटात उभी आहे.

पाच फोन संपले. सहावा लुकलुकतच होता.
डोलोरेस म्हणाली, उचल की तो.
म्हटलं, असू दे, तिनं धरलाय.

मार्चमध्ये तिनं वार्षिक योजना घेतली,
रोख, वर्षभराची.
स्टॅन खूश, पिवळ्या टायला त्यानं पत्रसुद्धा लिहिलं.
आमचा माणूस तिच्या घरी जाऊन आला.
सगळं विजेवर.
धुराडंच नाही.
त्यानं पावतीवर "सफाई झाली" लिहिलं,
आणि मी ती
फाइलला लावली.